सदतीस अंशांचं दही

मी एक कपाट बोलतोय. कागदोपत्री माझं नाव इन्क्युबेटर. पण ते नाव घेताना पुंजारामची जीभ दोन ठिकाणी अडखळायची, म्हणून त्यानं पहिल्याच दिवशी मला ऊबपेटी करून टाकलं. मलाही तेच बरं वाटलं. माणूस असो की यंत्र, हाक मारता येईल असं नाव असावं.

मी फार शिकलेला नाही. मला एकच आकडा येतो, सदतीस. पोटात सदतीस अंश ऊब ठेवायची, थोडी ओल ठेवायची, नळीतून येणारी हवा बेतानं घ्यायची. आत ठेवलेल्या बाटल्यांतल्या जिवांना वाटलं पाहिजे की आपण अजून आईच्याच अंगात आहोत. एवढंच माझं काम, आणि तेवढंच मी सव्वीस वर्षं केलं.

माझा जन्म जर्मनीतल्या एका थंड गावातला. मला घडवणारी माणसं हुशार होती. त्यांनी मला दुहेरी भिंत दिली, भिंतीच्या पोकळीत पाणी भरायची सोय दिली, गार वाटलं की तापणारी तार दिली. पण जगात एखाद्या ठिकाणी माझ्या पोटापेक्षा बाहेरच जास्त तापत असेल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. गार व्हायची सोय त्यांनी दिली नाही. आणि मला पाठवलं कुठं, तर औरंगाबादला. तेव्हा शहराचं नाव तेच होतं.

शहराबाहेर टेकडीच्या पायथ्याशी सरकारी पेशी संशोधन केंद्र होतं. बैठी लांब इमारत, पुढं दोन कडुलिंब. मला दिल्लीहून मंजुरी मिळायला चार वर्षं लागली. तेवढ्यात ज्या शास्त्रज्ञानं मला मागवलं होतं, तो निवृत्त होऊन घरी गेला. एकोणीसशे सत्याऐंशीच्या श्रावणात माझं खोकं उघडलं, तेव्हा संचालक नानासाहेब माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "छान आहे. पण हे नक्की काय आहे?"

कुणालाच सांगता येईना. पुंजारामनं तोवर नारळ आणला होता. तो केंद्रातला परिचर, मूळचा वैजापूरकडचा. काचा धुणं, पाणी भरणं, यंत्रं पुसणं हे त्याचं काम. नारळ त्यानं दाराबाहेर फोडला, माझ्या अंगाला हळदीचं बोट लावलं आणि म्हणाला, "काय बी असंना, सरकारनं धाडलंय म्हंजी कामाचंच असंल."

नानासाहेबांनी त्याच्याकडं जरा संशयानं पाहिलं.

सहा महिन्यांनी मला काम मिळालं. ताहेरा आली. शहागंजातल्या चांदपाशांची मुलगी, पंचवीसेक वर्षांची, चष्म्यातून बघताना भुवया आवळणारी. तिला संशोधनासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली होती. तिनं मला पाहिलं आणि आनंदानं माझ्या दारावर थाप मारली. "अरे वा! हा इथं आहे? आणि ही वर तुळस कुणी ठेवली?"

"म्या," पुंजाराम म्हणाला. "जागा रिकामी दिसली."

तुळस खिडकीत गेली आणि माझ्या पोटात बाटल्या आल्या. चपट्या, काचेच्या, आत गुलाबी पाणी. पुंजाराम वाकून बघायचा, त्याला काही दिसायचं नाही.

"मामा, या शेळीच्या पेशी आहेत," ताहेरा सांगायची. "काळ्या उस्मानाबादी शेळीच्या कातडीतल्या."

"शेळी कुठं हाय मग?"

"शेळी गेली. पेशी आहेत."

पुंजारामनं पुन्हा एकदा बाटलीत वाकून पाहिलं. "म्हंजी शेळी मेली, पन तिला अजून कळलं नाय."

"तसंच समजा."

ती त्याला समजावून सांगायची, कारण दुसरं कुणी विचारायचंच नाही. पेशीत हजारो प्रथिनं असतात, नीट घडी घालून ठेवलेली. ऊन फार झालं की घड्या विस्कटतात. मग काही प्रथिनं धावत येतात आणि घड्या पुन्हा घालतात. आपल्याकडच्या शेळ्या एवढं ऊन सोसतात, तर त्यांच्यातली ही घड्या घालणारी प्रथिनं लवकर धावतात का, हे तिला शोधायचं होतं.

"आमच्या घरी ह्ये काम वच्छला करती," पुंजाराम म्हणाला. "पन ती धावत येत नाय, बोलत बोलत येती."

पहिला उन्हाळा आला तेव्हा माझी गाळण उडाली. मे महिन्यात खोलीतच बेचाळीस झालं. मी तापणारी तार कधीच बंद केली होती, तरी माझ्या पोटातला काटा चढतच होता. चाळीस झाले. ताहेरा माझ्यासमोर वही घेऊन बसली होती आणि तिला रडू येत होतं. जर्मन पुस्तकात उपाय नव्हता.

पुंजाराम म्हणाला, "ताई, ह्याच्या भिंतीत पानीच हाय ना? मंग ह्यो रांजण झाला. रांजणाला काय करतात?"

त्यानं खिडक्यांना ओली तरटं लावली, माझ्यासमोर वाळ्याचा कूलर आणून ठेवला. माझ्या भिंतीतलं तापलेलं पाणी नळीनं काढून टाकलं आणि व्हरांड्यातल्या माठांमधलं गार पाणी भरलं. दर दोन तासांनी तो ते बदलायचा. केंद्रातली माणसं तो महिनाभर कोमट पाणी प्यायली. नानासाहेब कुरकुरले तेव्हा पुंजाराम म्हणाला, "साहेब, तुमी मानूस हात, सोसताल. शेळीला आधीच काय ठाव नाय."

त्या दिवसापासून ताहेरानं मला त्याच्यावर सोडलं. माझ्या दाराची दुसरी किल्ली तिनं स्वतःच्या हातानं त्याला दिली.

एकदा चांदपाशा लेकीचं काम बघायला आले होते. त्यांचं कुलपांचं दुकान. त्यांनी माझं कुलूप आधी तपासलं, "कच्चा है" म्हणाले, मग आत डोकावून मान हलवली. "लोगां बकऱ्यां पालते, मुर्ग्यां पालते. हमारी बेटी बोतलां पालती." पण जाताना व्हरांड्यात भेटेल त्याला सांगत होते, "मेरी बेटी का कपाट देखे क्या?"

अशा पेशी बाटलीत काही दिवस वाढतात, एकाच्या दोन होतात, दोनाच्या चार, आणि मग थकून थांबतात. ताहेराच्या सगळ्या बाटल्या तशाच थांबल्या. फक्त एक बाटली थांबली नाही. चौदा महिने ताहेरानं तिची पिढी पुढं पुढं नेली. दर तीन दिवसांनी अन्न बदलायचं, दाटी झाली की नव्या बाटलीत बिऱ्हाड हलवायचं. ईद असो, दिवाळी असो, चुकायचं नाही. न थकणाऱ्या शेळीच्या पेशी आपल्याकडं कुणापाशी नव्हत्या, असं तिचं म्हणणं. जंतू मारायचं औषधही ती अन्नात घालायची नाही. म्हणायची, औषधानं पेशींचा स्वभाव बदलतो, मला त्या जशा आहेत तशा हव्यात.

एकोणनव्वद सरलं. दिल्लीहून पत्र आलं की फेब्रुवारीत तज्ज्ञांची समिती येणार. त्यांना जिवंत पेशी दाखवता आल्या तर काम आणखी तीन वर्षं चालणार. नाही तर प्रकल्प बंद, शिष्यवृत्ती बंद आणि ही खोली बियाणं ठेवायला जाणार. ताहेराच्या अम्मीनं आधीच सांगून ठेवलं होतं, "इत्ता एक साल. फिर मेरी सुननी."

आणि त्याच हिवाळ्यात नानासाहेबांचं पोट बिघडलं.

केंद्रात दुपारी सगळे एका टेबलाभोवती डबे उघडायचे. नानासाहेबांना डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज ताजं दही खा, पण आंबट नको. ते औरंगपुऱ्यात राहायचे. त्या साली थंडी अशी होती की त्यांच्या घरी दही लागायचंच नाही. डब्यात कधी दूध यायचं, कधी नुसतं पाणी. ते झाकण उघडायचे, बघायचे आणि झाकण लावायचे. पुंजारामला ते बघवेना.

त्यानं विचार केला. या गावात एकच जागा अशी आहे जिथं थंडी नाही. एकच जागा अशी आहे जी तो रोज स्पिरिटनं पुसतो, जिथं हात धुतल्याशिवाय कुणी हात घालत नाही. इतकी सोवळी जागा तर देवघरही नाही. दही लावायला याहून चांगलं काय असणार?

एका संध्याकाळी त्यानं झाकणाची स्टीलची वाटी आणली, माझं दार उघडलं आणि सगळ्यांत खालच्या फळीवर, ओल राहावी म्हणून ठेवलेल्या पाण्याच्या तसराळ्यामागं ठेवली. "बाबा," तो मला म्हणाला, "तू मेलेली शेळी जगवतो. वाटीभर दूध तुला काय जड हाय?"

मला नाही म्हणता येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर म्हणावंसंही वाटलं नाही. पेशी ठेवल्या की आठवडाभर काही दिसत नाही. दही सकाळपर्यंत तयार. तोवर माझ्या कामाचं फळ कुणी चमच्यानं खाल्लं नव्हतं.

दही असं लागलं की चमचा उभा राहावा. नानासाहेबांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "पुंजाराम, वच्छलाबाईंच्या हाताला गुण आहे हो!"

"व्हय साहेब," पुंजाराम म्हणाला. दूध वच्छलाबाईनंच दिलं होतं, तेव्हा हे अगदीच खोटंही नव्हतं.

मग सगळ्यांनाच हवं झालं. काकासाहेब नावाचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ होते, ते म्हणाले, "आमचं काय पाप?" वाटीचा डबा झाला, डब्याचं पातेलं झालं. ताहेराही रोज दोन चमचे घ्यायची. बाटल्या आपल्या वरच्या फळीवर, पातेलं खाली. महिनाभर कुणाच्या वाटेला कुणी गेलं नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून जेवायचं ठरलं. पुंजारामनं आदल्या संध्याकाळी पातेलं काठोकाठ भरलं आणि माझ्या पोटात सरकवताना ते तसराळ्याला लागून हिंदकळलं. विरजलेलं दूध पाण्यात सांडलं, फळीवर ओघळलं. त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं पुसून घेतलं. "इवलंसं तर हाय," म्हणाला आणि दार लावलं. माझ्या पोटात हवा खेळती ठेवणारा एक छोटा पंखा असतो. तो अख्खी रात्र इमानानं फिरत राहिला.

सकाळी ताहेरा समितीसाठीच्या अकरा बाटल्या मांडायला आली. पुंजारामनं तिला दारातच थांबवलं आणि तळहातावर दही-साखर ठेवली. "शुभ कामाला निगालात. खाऊन घ्या."

तिनं हसत चाटलं, हात धुतले, स्पिरिट लावलं आणि माझं दार उघडलं.

तिसऱ्या दिवशी अकराही बाटल्या पिवळ्या पडल्या. गुलाबी पाणी निरोगी असतं. पिवळं म्हणजे आत कुणीतरी परकं जेवायला बसलंय. पाणी गढूळ, पेशी सुटून तळाशी पडलेल्या. ताहेरानं एकेक बाटली उजेडात धरली आणि खाली ठेवली. अकरावी ठेवली तेव्हा फक्त "या अल्ला" म्हणाली आणि स्टुलावर बसली.

मग तपास सुरू झाला. काकासाहेब म्हणाले पाणी वाईट, कारण ते कशालाही पाणी वाईट म्हणायचे. नानासाहेबांनी परिपत्रक काढलं की कुणीही मोठ्यानं बोलू नये, थुंकीचे कण उडतात. ते त्यांनी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पुंजारामनं माझ्या दाराला लिंबू-मिरची बांधली. ताहेरानं माझ्याच वरच्या फळीवर घट्ट बूच लावून जपलेली राखीव बाटली काढली, सगळं पुन्हा उकळलं, पुन्हा गाळलं, पुन्हा मांडलं. आणि तीन दिवसांनी पुन्हा पिवळं. कुणीच माझ्या तसराळ्याकडं बघेना. पातेलं मात्र रोज संध्याकाळी येत होतं, सकाळी ती यायच्या आत जात होतं.

नानासाहेबांनी तिघांची चौकशी समिती नेमली. तिची पहिली बैठक जेवणाच्याच टेबलावर झाली. काकासाहेब वाटीतलं दही बोटानं निपटत म्हणाले, "माझं स्पष्ट मत आहे, हे जंतू बाहेरून आत आलेले आहेत."

"लिहून घ्या," नानासाहेब म्हणाले आणि वाटी पुढं केली. "पुंजाराम, अजून आहे का?"

त्या दुपारी ताहेरानं पुंजारामला हाक मारली. "मामा, या. तुम्हीच एकदा बघा, कोण आहेत हे दुश्मन."

त्यानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मण्यांच्या माळा दिसत होत्या आणि मधूनमधून बारीक काड्या.

"ह्ये कशात असत्यात ताई?"

"कुठंही असतात. आंबलेल्या पिठात, दुधात. दही लावणारे असेच दिसतात."

पुंजारामनं डोळा काढला नाही. ताहेराला वाटलं, त्याला गंमत वाटतेय.

ती गेल्यावर तो माझ्यासमोर येऊन बसला. माझ्या दारावरचा लिंबू त्यानं सोडला आणि हातात फिरवत राहिला. कुणाला काही कळलं नव्हतं. तो उद्यापासून पातेलं आणणं बंद करता, मला धुऊन काढता, तर कधी कळलंही नसतं. आणि सांगितलं तर नोकरीवर गदा. सरकारी यंत्रात खाण्याचं भांडं ठेवलं, हे काही लहान कलम नाही.

"तू तरी बोलायचं व्हतंस," तो मला म्हणाला.

बोलता आलं असतं तर मी काय बोललो असतो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या सकाळी तो ताहेराच्या आधी येऊन उभा होता. हातात काचेची पट्टी, तिच्यावर पांढरा थेंब. "ताई, एवढं बगा."

तिनं पाहिलं. मण्यांच्या माळा, बारीक काड्या. तिनं मान वर केली. "कुठून आणलं हे?"

"जेवताना तुमीच खाता त्ये." त्यानं माझ्याकडं बोट केलं. "ह्याच्यात लावत व्हतो. महिना झाला. संक्रांतीला सांडलं."

ताहेरानं पट्टी खाली ठेवली. मग म्हणाली, "चौदा महिने, मामा." एवढंच. आवाज चढला नाही, त्यानंच पुंजाराम जास्त खचला. तो खाली मान घालून नानासाहेबांच्या खोलीत गेला, आणि मागोमाग ती गेली. काकासाहेब तिथंच बसले होते. खोली शेजारचीच, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

"साहेब, चोर सापडंना म्हणून चोरच हजर झालाय," पुंजाराम म्हणाला आणि सगळं सांगितलं.

नानासाहेब लाल झाले. "सरकारी इन्क्युबेटरमध्ये दही? निलंबन! तात्काळ! काकासाहेब, लिहा. पुरावा जप्त करा!"

"पुरावा कुठला?" काकासाहेबांनी विचारलं.

"दही!"

"ते काल आपण संपवलं, साहेब. अध्यक्ष म्हणून आपण तीन वाट्या घेतल्या."

काकासाहेबांनी लेखणी खाली ठेवली. अहवालात खरं लिहायचं तर समितीनं महिनाभर पुरावा खाल्ला, हेही लिहावं लागणार होतं. नानासाहेबांनी पोटावर हात ठेवला. त्या महिन्याभरात ते पोट एकदाही दुखलं नव्हतं, असं त्यांनीच नंतर कबूल केलं.

ताहेरा म्हणाली, "साहेब, निलंबन नंतर करा. आत्ता मला मामा हवेत. वैजापूरला तीन नळ्या आहेत."

केंद्राचं द्रव नायट्रोजनचं भांडं वर्षभरापूर्वी गळायला लागलं होतं. त्या गारठ्यात पेशी वर्षानुवर्षं झोपून राहतात. म्हणून ताहेरानं आपल्या पेशींच्या तीन नळ्या वैजापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात ठेवायला दिल्या होत्या. तिथं वळूचं वीर्य ठेवायला तसंच भांडं असतं. तिथल्या लोकांनी भांडं वेळेवर भरलं असेल तर पेशी जिवंत. नाही तर त्याही गेल्या. चोर सापडेपर्यंत त्या बाहेर काढायची तिची हिंमत झाली नव्हती.

पुंजाराम चप्पल शोधत बसला नाही. दुसऱ्याच कुणाची तरी घालून निघाला.

पुढचं मी पाहिलं नाही, त्यानं सांगितलं ते ऐकलं. दवाखान्यातल्या फारूख कंपाउंडरनं भांड्यात लांब चिमटा घातला आणि म्हणाला, "तुमच्याच का त्या? मी विचार करत होतो, हा कोणता वळू, चिठ्ठीवर जातच नाही. एकदा तर चुकून म्हशीला भरणार होतो."

पुंजाराम एक पाऊल पुढं सरकला. "मंग?"

"नळी जाड निघाली. रेतनाच्या बंदुकीत जाईना. म्हशीचं नशीब!"

फारूखनं एका लहान भांड्यात नायट्रोजन ओतून नळ्या त्यात सोडल्या. एसटीत पुंजारामनं ते मांडीवर घेतलं. भांड्याच्या तोंडातून पांढरी वाफ निघत होती. कंडक्टर म्हणाला, "मामा, चहा सांडतोय."

"चा न्हाय. शेळी हाय."

"शेळीचं अर्धं तिकीट लागतं," कंडक्टर म्हणाला, मग वाफ पायाशी उतरलेली पाहून मागं सरला. शेजारची बाई उठली. तिच्या मागचे दोघं उठले. वैजापूर ते औरंगाबाद पुंजाराम तिघांच्या बाकावर एकटा आला आणि जन्मात पहिल्यांदा एसटीत पाय पसरून बसला. पण डोळा लागू दिला नाही.

तोवर ताहेरानं मला रिकामं करून आतून बाहेरून धुतलं होतं. भिंतीतलं पाणी बदललं, फळ्या उकळल्या, तसराळं नवं आणलं. मला इतकं स्वच्छ आणि इतकं लाजिरवाणं पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

पहिली नळी वितळवली, पेशी फुटून गेलेल्या. दुसरी वितळवली, तीच गत. तिसरी ताहेरानं बराच वेळ हातात धरली. मग बाटलीत रिकामी केली आणि बाटली माझ्या मधल्या फळीवर ठेवली.

जिवंत पेशी काही तासांत तळाला चिकटते आणि अंग लांबवते. मेलेली गोल होऊन तरंगत राहते. पहिल्या दिवशी सगळ्या तरंगत होत्या. दुसऱ्या दिवशीही. समिती चार दिवसांवर होती. काकासाहेब दारातून म्हणाले, "आता टाकून द्या, पोरी. मेल्या त्या."

"नाही टाकत," ताहेरा म्हणाली. मग पहिल्यांदाच पुंजारामकडं वळली. "मामा, काय म्हणता?"

"राहू द्या अजून," पुंजाराम हळूच म्हणाला. "दार उगडू नका मातर."

मी माझं सगळं सदतीस त्या एका बाटलीला दिलं. अर्ध्या अंशानं हललो नाही.

तिसऱ्या सकाळी ताहेरानं बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तळाचा कोपरा न् कोपरा पाहिला. मग बाजूला सरकून म्हणाली, "बघा."

पुंजारामनं पाहिलं. तरंगणाऱ्या गोळ्यांच्या खाली, एका कोपऱ्यात, सात-आठ पेशी तळाला धरून बसल्या होत्या आणि दोन्ही टोकांनी अंग ताणत होत्या. झोपेतून उठलेलं माणूस आळस देतं, तशा.

"उठली की वं," तो म्हणाला आणि टॉवेलनं डोळे पुसायला गेला. ताहेरा ओरडली, "तो टॉवेल नक्को मामा! तो टॉवेल बाहेर!"

समिती आली. ताहेरानं दह्यासकट सगळं खरं सांगितलं. समितीतले एक म्हातारे प्राध्यापक गंभीरपणे म्हणाले, "आणि दही कसं होतं?" सगळ्यांनी नानासाहेबांकडं पाहिलं. शेवटी नानासाहेब म्हणाले, "उत्तम."

काम तीन वर्षांसाठी मंजूर झालं. नानासाहेबांनी 'या यंत्रात खाद्यपदार्थ ठेवू नयेत' अशा पाट्या करून सगळ्या यंत्रांना लावल्या, टंकलेखनाच्या यंत्रालाही. निलंबनाचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. पुंजाराम मात्र स्वतःच अर्ज घेऊन ताहेराकडं आला, की मला गेटवर बसवा.

तिनं अर्ज वाचला. "गेटवर बसून काय लावाल? ताक?" मग अर्ज घडी करून त्याच्या खिशात घातला. "मे महिना जवळ आलाय मामा. माठ भरायला घ्या."

पेशींच्या वाणाला नाव द्यावं लागतं. लोक आपली अक्षरं देतात, गुरूची देतात. ताहेरानं नाव दिलं, वैजापूर तीन. वैजापूरहून आलेली, तिसरी नळी.

त्यानंतर पंचवीसेक उन्हाळे मी काढले. पुंजाराम निवृत्त झाला, जाताना मला स्पिरिटनं पुसून गेला. वैजापूर तीन हैदराबादला गेली, दिल्लीला गेली, तिथून परदेशी गेली. मग माझी तार जळली, भिंत गळायला लागली आणि मला व्हरांड्यात ठेवलं. त्याला अकरा वर्षं झाली. माझ्या डोक्यावर माणसं हेल्मेट ठेवतात, पावसात छत्र्या ठेवतात. कुणी विचारतं, हे काय आहे, तर दुसरा म्हणतो, जुना फ्रिज असेल. मी राग धरत नाही. येत्या महिन्यात भंगारवाला येणार, असं परवाच कळलं.

परवाच आणखी एक झालं. ताहेरा आता केंद्राच्या संचालक आहेत, केस पिकलेत, यंदा त्याही निवृत्त होतील. त्या व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या, कारण फोनला रेंज इथंच मिळते. त्यांनी पुंजारामला फोन लावला होता. तो आता त्र्याऐंशीचा, गावी असतो, कानानं कमी ऐकतो, म्हणून त्या मोठ्यानं बोलत होत्या आणि त्याचा आवाज बाहेर ऐकू येईल असा फोन धरला होता.

"मामा, जपानहून पत्र आलंय! ते म्हणतात, वैजापूर तीन मागवली, पण दोन दिवस झाले तरी पेशी चिकटेनात. विचारतात, काय चुकतंय?"

पलीकडं पुंजारामनं सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. तो पहिल्यापासूनच सावकाश बोलणारा.

"त्यांना म्हणावं, काय चुकत न्हाय," पुंजाराम म्हणाला. "वैजापूरची हायेत. उठायला येळ लागतो. तवर दार उगडू नका म्हणावं."

ताहेरा हसल्या आणि माझ्या गंजक्या दारावर त्यांनी थाप मारली. तसंच पत्र त्यांनी जपानला पाठवलं.

तेव्हा मला न्यायला जो कुणी येईल, त्याला माझं एवढंच सांगणं आहे. मी जड आहे, भिंतीत अजून थोडं पाणी असेल. हिसडा देऊ नका. दोघांनी धरा, आणि सावकाश उचला.